सरस ओला आहे

ता. ६ जानेवारी

ती. आक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझी पत्रं उशाखाली साठत गेली आणि उत्तर एकाचंही नाही. माझ्या नावानं बोटं मोडून मोडून तुझी बोटं शिल्लक आहेत की नाही कोण जाणे. काय करू, सरस ओला होता! आठवतं ना? आप्पांच्या कारखान्यात गिऱ्हाईक टेबल न्यायला यायचं आणि टेबलाचा एक पाय अजून लागायचाच असायचा. मग आप्पा आपल्या दोघांना दारात उभं करायचे. तू थोरली म्हणून चेहरा गंभीर करून सांगायचीस, सरस ओला आहे, आज नेता येणार नाही. गिऱ्हाईक कितीही दांडगं असो, त्या वाक्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. आणि खोटं सोड, सांधा चिकटवलेला सरस खरोखर ओला असला तर आप्पांनी साधं स्टूलही उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही.

तर मी दवाखान्यातून घरी आलो. कारखान्यावरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावलाय, समोर आप्पांची खुर्ची. तिच्यावर माझ्या गोळ्या, पाण्याचा तांब्या आणि तपासणीचे कागद. ऑपरेशनचं ऐक. माझं छातीचं हाड मधोमध उभं चिरलं, करवतीनंच. हृदयाच्या तुंबलेल्या नळ्यांना पायातली शीर काढून वळसा दिला आणि हाड जुळवून पोलादी तारेनं आवळून टाकलं. मी डॉक्टरांना विचारलं, सरस कुठला वापरलात? ते म्हणाले, सरस तुमचं शरीरच तयार करतं, आम्ही नुसता शिकंजा लावतो. आक्का, त्या क्षणी तो माणूस मला आपल्या घरातला वाटला.

निघताना परिचारिका बाईंनी भली मोठी यादी सांगितली. वजन उचलायचं नाही, खोकताना उशी छातीशी धरायची, साखर ताब्यात ठेवायची, हे झालं तर या, ते झालं तर या. मी अर्धी ऐकली. सूनबाईनं सगळी ऐकली, आणि तिचं तोंड पाहता जास्तीचीही ऐकली असावी. मुलगा आगबोटीवर, त्याला कळवलंय.

लोभ आहेच. वाढवशील तर ठेवायला आता छातीत नवी जागा झाली आहे.

तुझा,
धाकटा


ता. ११ जानेवारी

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी जिना उतरून खालच्या शिंपिणीला आख्खं वाचून दाखवलं. ती बिचारी मशीन थांबवून डोळे पुसत होती आणि मी हसत होते. रंध्या म्हटल्याचा राग मानू नकोस. लहानपणी लाकूड कमी आणि माणसं जास्त तासायचास, म्हणून पडलेलं नाव आहे, मी काढून घेणार नाही.

शिंपिणीकडे फोन आहे, पण तो कानाला लावला की मला नुसती माशी गुणगुणते. तेव्हा मायेचं जे काही असेल ते लिहूनच पाठवत जा. कान गेले तरी माझे हात शाबूत आहेत. अजून खुर्च्या विणते. दारावर कुणी थाप मारली तर मला ऐकू येत नाही, पण मांडीवरच्या खुर्चीच्या वेतातून तळहाताला कळते. ताणलेला वेत ढोलासारखा असतो, सगळं सांगतो.

आता मी थोरली म्हणून बोलते. चहात साखर नको. चोरून नको आणि उघडही नको. सूनबाईला फसवू नकोस, ती पोस्टाच्या खिडकीवर बसणारी बाई आहे, दिवसभर लोकांच्या चेहऱ्यावरचे पत्ते वाचते. जखम तिला रोज दाखवत जा. लाजतोस कसला, मी तुला अंघोळ घातली आहे.

आणि आप्पांच्या खुर्चीवर गोळ्या ठेवतोस? ते असते तर त्यांनी कुणाला टेकूसुद्धा दिलं नसतं. ती बैठक मी विणली आहे, जपून वापर.

प्रकृतीला जप. माझा लोभ वाढवायला जागा नाही, तो आधीच भिंतीला लागलाय.

तुझी,
आक्का


ता. १९ जानेवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुला हसायला एक गोष्ट. माझी छाती बोलायला लागली आहे.

कुशीवर वळलो की आतून आवाज येतो. दीर्घ श्वास घेतला की येतो. आधी वाटलं पलंग वाजतोय. पलंग मीच केलेला, त्यामुळे शंका घ्यायला जागा होतीच. पण खुर्चीत बसलो तरी आला. हाडावर हात ठेवला तर बोटांना लागला. टक, टक, ठप.

आता तूच सांग, हा ठोका कुणाचा? आप्पांची अनामिका अर्धी करवतीखाली गेली होती. शिकंजा सोडला की ते वाकड्या बोटांनी सांधा ठोकून बघायचे. दोन बोटं हाडाची, टक, टक, आणि तिसरं ते थोटूक, ठप. मी इतकी वर्षं लाकडात काम केलं, तसा ठोका दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. आणि आता तो माझ्या आतून येतोय. कुणीतरी आत बसून माझा सांधा तपासतंय.

घाबरलो वगैरे नाही. उलट बरं वाटलं. नवं लाकूड बोलतं, असं आप्पाच म्हणायचे ना? नवा दरवाजा बसवला की पहिले काही दिवस तो कुरकुरतो, कटकटतो, मग आपोआप गप्प होतो. बोलतंय तोवर हात लावायचा नाही. तसंच हे. सूनबाईला सांगितलं तर ती मला उचलून पुन्हा दवाखान्यात नेईल, म्हणून बोललो नाही. तूही बोलू नकोस.

खालचा कारखाना बंद आहे. कारागीर सुट्टीवर गेलाय. पण दुपारी सूनबाई पोस्टात असते तेव्हा खाली रंधा मारल्यासारखं काहीतरी चालतं. उंदीर असावेत.

लोभ असू दे.

तुझा,
धाकटा


ता. २४ जानेवारी

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग दुपारभर वेत हातात धरून बसले, एक फेरासुद्धा विणला नाही.

नवं लाकूड बोलतं, हे खरंच. मीही आप्पांच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा बोलू दे. हाड म्हणजे तरी काय, लाकूडच. पण लाकडाला ताप येत नाही आणि तुला येऊ शकतो, तेव्हा ताप बघत जा. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत आवाजाचं विचार, माझ्यासाठी म्हणून विचार. सूनबाईपासून लपवतोस ते मला आवडलेलं नाही. तुझ्या पुढच्या पत्रापर्यंत गप्प राहते.

उंदीर रंधा मारत नाहीत रे.

पत्र लांबवू नकोस. सरस ओला आहे ही सबब ह्या वेळी चालणार नाही.

तुझी,
आक्का


ता. २९ जानेवारी

ती. आक्कास,

आनंदाची बातमी. सांधा भरला!

परवा अंगातला सदरा छातीशी ओला लागला. पट्टी वर करून पाहिलं तर चिरेच्या खालच्या टोकाशी पिवळसर, घट्टसर थेंब. बोटावर घेतला, ताणला, तार आली. आक्का, शिकंजा नीट आवळला की सांध्यातून जादा सरस बाहेर येतो. येतो की नाही? बाहेर आला म्हणजे आत जागा उरली नाही, सांधा काठोकाठ भरला. आप्पा म्हणायचे, रडला तो जुळला. डॉक्टर खरं बोलले होते, शरीर सरस तयार करतं. मला रडू आलं, खरंच सांगतो.

आणि वास! खोलीत सगळीकडे सरसाचा वास आहे. गोडसर, जड. भांडं रविवारी चुलीवर तसंच राहून जायचं आणि सोमवारी झाकण उघडलं की यायचा तसा. आपल्याकडे आता डब्यातला पांढरा सरस वापरतात, त्याला वास नाही. हा तर जुना, कातड्याचा, आप्पांचा.

ते दुपारी येतात. सूनबाई गेली की. मी गोळ्या, तांब्या, सगळं खुर्चीवरून खाली काढून ठेवलंय, त्यांना बसायला. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. छातीकडे बघतात, मान जरा तिरकी करून, मालाकडे बघायचे तसे. मग ठोकतात. हात खुर्चीच्या हातावर असतो आणि ठोका माझ्या आत वाजतो. टक, टक, ठप. पुन्हा. पुन्हा. आधी वळल्यावर वाजायचा, आता निजलो असलो तरी वाजतो. एवढं तपासतात म्हणजे मन लावून केलेलं काम असणार. पास करायचं नसतं तर आप्पांनी इतका वेळ दिला नसता.

खाली गिऱ्हाईक आलंय. दारात उभं असतं, बोलत नाही. जिन्यातून त्याची सावली दिसते. न्यायला आलंय. आज उठताना आप्पांनी दाराकडे पाहिलं.

जरा थंडी वाजतेय, भर उन्हाची. अक्षर वाकडं येतंय ते म्हणून. भिजलेल्या पट्ट्या मी खाली भुशाच्या पोत्यात कोंबतो, सूनबाईला कळत नाही. हे पत्र शेजारणीच्या हाती पेटीत टाकायला देतो.

तयार आहे मी. चांगलं काम झालंय, मग कशाला अडवायचं?

तुझा,
धाकटा


ता. ५ फेब्रुवारी

ती. आत्यांना,
सूनबाईचा सा. न. वि. वि.

आधी एका वाक्यात सांगते, बाबा जिवंत आहेत. आता बसून वाचा.

तुमच्या शिंपीणबाईंचा फोन पोस्टात आला तेव्हा मी खिडकीवर होते. त्या रडत होत्या. तुमच्याकडे बाबांचं पत्र आलंय, त्यांच्या जखमेत पू झालाय, ते लपवतायत, एवढंच मला कळलं. तुमची पत्रं माझ्याच हातून शिक्का होऊन येतात-जातात, आत्या. मी एकही कधी उघडलं नाही, आणि त्या दिवशी प्रथमच त्याचं वाईट वाटलं.

घरी आले तर बाबा पलंगावर बसलेले. धुतलेला सदरा घालून, केस विंचरून. अंगाला हात लावला तर चटका बसला. गाडी बोलावली, पण ते हलेनात. म्हणाले, कारखान्याचा माल आता बाहेर जायचाय, दवाखान्यात कशाला नेतेस. मी विनवलं, ओरडले, शेवटी रडले. ते माझ्या खांद्यावरून खुर्चीकडे बघत होते आणि मान डोलावत होते. मला खुर्चीकडे बघण्याची छाती झाली नाही.

मग मी शिंपीणबाईंना उलट फोन लावून तुम्हाला बोलवायला सांगितलं आणि फोन बाबांच्या कानाला धरला. तुम्ही एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला शब्द न् शब्द ऐकू आला. तुम्ही म्हणालात, अरे मूर्खा, आप्पा चांगला सांधा एकदाच ठोकायचे. त्या थोटकानं, एकच ठप, आणि माल दाराकडे. टक टक ठप करून पुन्हा पुन्हा ठोकायचे ते न जमलेला सांधा, करणारा स्वतः उठून तो उकलेपर्यंत. तुझा एकही सांधा पहिल्या ठोक्यात पास झाला नाही, म्हणून तुला तोच ठोका पास वाटतोय. सोमवारच्या सरसाचं भांडं मी स्वतः गटारात ओतायचे, तो सरस कधी काही धरतो का? आप्पा तुला न्यायला आलेले नाहीत. सांधा उघड म्हणून सांगतायत.

बाबांनी खुर्चीवरची नजर काढून स्वतःच्या छातीकडे वळवली. मग अगदी हळू, फोनलासुद्धा ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, एकदाच? आणि तुम्ही, तुम्हाला तर ऐकू येत नाही, तरी त्याच क्षणी म्हणालात, होय, एकदाच.

त्यांनी स्वतःच्या हातानं सदऱ्याची बटणं काढली. वास आला तेव्हा मला कळलं, की गेले काही दिवस मी जिन्यात मेलेला उंदीर शोधत होते.

त्याच संध्याकाळी छाती पुन्हा उघडली. हाडाखाली पू साचला होता. एक तार हाडातून कापत कापत सुटली होती आणि हाडाच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासत होत्या, आवाज त्याचा, असं डॉक्टर म्हणाले. अजून थोडं थांबलो असतो तर ते आत हृदयापर्यंत आणि सगळ्या रक्तात गेलं असतं. साखर वाढलेली, म्हणून जंतूंना आयतंच मिळालं. तारा काढून टाकल्यात, सडकं हाड खरवडलंय. जखम शिवलेली नाही, उघडीच आहे. तिच्यात एक स्पंज बसवलाय आणि एक यंत्र दिवसभर त्यातली घाण ओढून घेतं. शिरेतून औषध चालू आहे आणि बरेच आठवडे चालेल. धोका टळला असं अजून कुणी म्हणत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा तुमच्या मागे कुणी दार ठोठावत होतं का? फोनमधून मला सारखं येत होतं. टक, टक, आणि मग एक बसका. बाबांच्या छातीचा म्हणावं तर फोन त्यांच्या कानाला होता, आणि आवाज फोनच्या आतून येत होता.

आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
सूनबाई


ता. १० फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, बसायचं विसरले.

मीच त्याला बोलू दे म्हणून लिहिलं होतं पोरी. लाकडाचं शहाणपण माणसाला लावायला गेलो आम्ही दोघं. तू मात्र गाडी आधी बोलावलीस आणि रडलीस नंतर, तेच बरोबर. डॉक्टर सांगतील ते ऐक, आमच्या घराण्याचं काही ऐकू नकोस. यंत्र चालू आहे तोवर रोज एक ओळ पाठव, शिक्का तुझाच आहे, मारायला किती वेळ लागतो.

तो, एकदाच? असं म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी ते का म्हणाले ते मलाही सांगता येणार नाही. तोंडात आलं आणि म्हणाले.

दाराचं शिंपिणीला विचारलं. ती म्हणते, त्या वेळी तिचं दुकान सताड उघडं होतं. ठोठावायला दार होतंच कुठे? तिला काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा ते मनावर घेऊ नकोस. फोनच्या तारांतून काय काय येतं.

रंध्याला सांग, थोरल्या बहिणीला रागावता येतंय, अजून म्हातारी झालेली नाही.

तुझी,
आत्या


ता. २० मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

माझ्या हातचं पत्र आहे, अक्षर बघ. हाताची थरथर आहे, पण ओळ सरळ आहे.

यंत्र निघालं. मग छातीवरचा स्नायू दोन्ही बाजूंनी सैल करून मधे ओढला आणि त्या खड्ड्यावर पांघरला, वरून कातडी शिवली. म्हणजे हाडाचा सांधा सोडून दिला आणि वर फळी ठोकली म्हण. आप्पांना चाललं नसतं, पण डॉक्टर खूश आहेत. जखम कोरडी आहे, लाल नाही, ताप नाही. सूनबाई रोज दोनदा बघते, आणि मी निमूट दाखवतो. साखर मोजून घेते. चहा म्हणजे गरम पाण्याची बातमी. परिचारिका बाईंची यादी तिनं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलीय, आणि तिच्यात स्पष्ट आहे, आतून हाड हललं किंवा वाजलं तर लगेच या. मी ऐकायची ती नेमकी उरलेली अर्धी यादी होती, आक्का.

छाती आता गप्प आहे. दुपारी हात ठेवून पडतो, वाट बघतो. काही नाही. खरं सांगू, थोडं चुकल्यासारखं वाटतं. तापात माणसाला काय काय दिसतं असं डॉक्टर म्हणाले, मीही तेच म्हणतो, म्हणायला बरं वाटतं. फक्त एक आहे. आप्पांच्या खुर्चीची बैठक मधोमध खचली आहे. वेत तुटलाय, खाली लोंबतोय, माणूस रोज बसून उठावा तसा. गोळ्या आणि तांब्या काही एवढ्या वजनाचे नव्हते. सूनबाई तिथे कधीच बसत नाही, ती त्या बाजूनं जातसुद्धा नाही.

ती खुर्ची मोडायची हिंमत होत नाही आणि समोर ठेववत नाही. फर्निचरच्या टेंपोवाल्याबरोबर तुझ्याकडे पाठवतोय. बैठक तूच विणलीस, पुन्हा तूच वीण. घाई नाही.

तुझ्या ओरडण्यातून कळला तो लोभ तसाच राहू दे. तो सोसवतोय अजून.

तुझा,
रंध्या (आज मीच लिहितो)


ता. ८ एप्रिल

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

तू स्वतः रंध्या लिहिलंस ते मी शिंपिणीला दाखवलं. ती म्हणाली, माणूस खरंच बरा झाला.

खुर्ची पोचली. जुना वेत कापून काढला, चौकटीची भोकं साफ केली, नवा वेत भिजवून विणायला घेतला. एक मागचा पाय किंचित ढिला आहे, पण ते तुझं काम, माझं नाही. काल दुपारी शेवटची किनार बांधून झाली. अशी ताणली आहे की चिमूट घ्यायला वेत सापडू नये. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत चांगली वीण झाली, रे. स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं सांगायला आप्पा नाहीत, असं मला वाटत होतं.

तळहात बैठकीवर ठेवून जरा टेकले होते. खिडकी बंद, दार बंद, शिंपीण बाजारात गेलेली, म्हणजे तिच्या मशीनचा धक्का नाही. आणि हाताखाली वेत हलला. ढोलावर कुणी बोट टेकवावं तसा. टक नाही, टक नाही. नुसता ठप. एकच.

मी हात तसाच ठेवून वाट पाहिली. पुन्हा नाही.

मला भीती वाटली नाही, हे तुला खरं वाटणार नाही. आधी वाटलं, रंध्याचा सांधा अखेर पास झाला, तेच सांगायला आले. मग लक्षात आलं की तुझा सांधा तर तिकडे तुझ्याजवळ आहे. माझ्या हाताखाली होतं ते माझं काम होतं. आणि पास झालेला माल आप्पा कुठे पाठवायचे, ते तुला माहीतच आहे. दाराकडे.

काळजी करू नकोस. मी ठणठणीत आहे, फक्त आज जिना चढताना जरा धाप लागली, आणि डाव्या हाताला खुर्ची उचलल्याचं जड वाटतंय. वय झालं. काम पुरं झालं म्हणून कुणी शाबासकी दिली तर आपण हसून घ्यावी, एवढंच. खुर्ची दारापाशी ठेवली आहे. टेंपोवाला आला की पाठवते.

सगळ्यांचा लोभ भरून पावले, आणखी मागायचं काही नाही.

तुझी,
आक्का


ता. ११ एप्रिल

ती. आक्कास,

नमस्कार मागाहून.

तुझं पत्र सूनबाईच्या खिडकीवर आलं आणि ती ते घेऊन पळत घरी आली. तुझ्या शिंपिणीला तिनं आधीच फोन केला आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा शिंपिणीनं तुला हाताला धरून दवाखान्यात नेलेलं असेल, छातीची तपासणी झाली असेल. झाली नसेल तर हा कागद हातातून ठेव आणि आत्ता जा, मग उरलेलं वाच. जिन्यात धाप आणि डावा हात जड, हे खुर्चीचं वजन नाही, आक्का. माझं ह्याच दोन गोष्टींनी सुरू झालं होतं आणि मीही ते वयावरच घातलं होतं.

खुर्ची मी तुझ्याकडे पाठवायला नको होती. पण आता ती दारापाशी ठेवू नकोस. खोलीच्या आत, भिंतीशी ने. स्वतः उचलू नकोस, शिंपिणीला सांग.

डॉक्टरांनी मला प्रवासाला परवानगी दिली आहे, सूनबाई रजा काढून बरोबर येते आहे. येताना मी माळ्यावरचं आप्पांचं जुनं भांडं घेऊन येतोय, आणि कातड्याचा सरस, शोधून मिळवलाय. तो मागचा पाय तू माझं काम म्हणून सोडलास ना? मग ते काम अजून व्हायचंय. आल्या आल्या तो पाय उकलतो, नवा सरस लावतो, शिकंजा आवळतो. आणि तुला सांगून ठेवतो, मी तो लवकर वाळू देणार नाही. रोज थोडा सोडीन, रोज नवा लावीन. माझे सांधे पहिल्या ठोक्यात पास होत नाहीत, हे तूच म्हणाली आहेस.

आम्ही पोचेपर्यंत पुन्हा तो ठोका आला, किंवा दारात कुणी न्यायला उभं राहिलं, तर लहानपणी राहायचीस तशी उभी राहा. चेहरा गंभीर कर. तुला ऐकू येत नाही, तेव्हा ते काय म्हणतात ते ऐकायचं कारणच नाही. तू फक्त सांग, सरस ओला आहे, आज नेता येणार नाही.

आप्पा ओल्या सरसाचा माल बाहेर जाऊ देत नाहीत.

तुझा,
रंध्या